दोन-तीन झुरके

तापीच्या दक्षिणेस, बोरी नदीच्या काठी अमळनेर वसलेले आहे. येथून उत्तरेकडे निघावे, तापी ओलांडावी, की चोपडे येते. आणि चोपड्यास आपण एका फार जुन्या राजमार्गावर उभे असतो. सुरतेहून निघालेला हा मार्ग नंदुरबार, चोपडे, यावल, रावेर अशी गावे घेत बुऱ्हाणपुरास जाई. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात ह्याच मार्गाने बुऱ्हाणपुरी आला. दुसरा तेवढाच महत्त्वाचा मार्ग दक्षिणेकडून, विजापूर-अहमदनगरकडून वर चढे आणि तोही बुऱ्हाणपुरासच येऊन मिळे. दख्खनेतून आग्र्यास जाणाऱ्याला खानदेश ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. फौजा ह्या वाटांनी गेल्या, कापूस आणि नीळ गेली, वऱ्हाडे गेली. आणि इ. स. १६०४ च्या सुमारास ह्या दक्षिणेकडील वाटेने एक अशी वस्तू उत्तरेस गेली, की जिचे परिणाम आम्हां धर्मगुरूंना आजही दफनभूमीत पाहावे लागतात. ती वस्तू म्हणजे तंबाखू.

ती नेणाऱ्याचे नाव असद बेग. हा मूळचा इराणातील कझवीनचा. अबुल फझलच्या पदरी त्याने अनेक वर्षे चाकरी केली होती. १६०२ मध्ये अबुल फझलचा खून झाल्यावर तो बादशहाच्या सेवेत आला. अकबराने त्याला विजापुरास पाठविले, ते एका रेंगाळलेल्या लग्नाच्या निमित्ताने. बादशहाचा धाकटा पुत्र दानियाल याच्याशी इब्राहिम आदिलशहाच्या मुलीचा विवाह ठरला होता, पण वधू काही केल्या विजापुरातून निघेना. १६०१ च्या जानेवारीत असीरगड पडला, फारुकी घराण्याचे दोनशे वर्षांचे राज्य बुडाले आणि खानदेश मोगलांकडे गेला, तेव्हा ह्या दानियालच्याच नावावरून प्रांताला ‘दानदेश’ असे नवे नाव देण्यात आले होते. प्रांताने ते नाव फार दिवस धारण केले नाही. वधूच्या वऱ्हाडाबरोबर इतिहासकार फरिश्ताही विजापुराहून आला होता. पैठणजवळ गोदावरीकाठी सोहळा पार पडला.

त्या राजपुत्राची कथा येथे थोडक्यात सांगितलीच पाहिजे. दानियाल मद्याच्या इतका आहारी गेला होता, की बापाने त्याच्यावर पहारे बसविले. तेव्हा त्याच्या सेवकांनी बंदुकीच्या नळीत दारू भरून ती आत पोहोचविली, आणि गंज व जुन्या स्फोटक दारूचा अंश मिसळलेले ते द्रव्य पिऊन तो बुऱ्हाणपुरात मरण पावला. हा वृत्तांत त्याचा सावत्र भाऊ जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. विवाहाचा आनंद वर्षभरही टिकला नाही.

विजापूरच्या बाजारात असद बेगला तंबाखू दिसली. हिंदुस्थानात आपण ही वस्तू पूर्वी कधी पाहिली नव्हती, असे तो म्हणतो. विजापुरात ती असणे स्वाभाविक होते. गोवा १५१० मध्येच आदिलशाहीच्या हातून पोर्तुगीजांकडे गेले होते. पोर्तुगीज गलबतांतून अमेरिका खंडातील नाना वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर उतरत होत्या आणि घाट चढून विजापूरच्या पेठेत येत होत्या. काजू, अननस, पपई ही मंडळी आली ती ह्याच दारातून. ‘तंबाखू’ हा आपला शब्दही पोर्तुगीज ‘ताबाको’चाच मराठी अवतार आहे. ज्या वर्षांत फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत राहून मराठी भाषेत ख्रिस्तपुराण रचण्याची पूर्वतयारी करीत होते, त्याच वर्षांत ही पानेही त्याच परिसरातून देशावर चढत होती. एकाच बंदरातून काय काय उतरते, ह्याचा हिशेब ठेवणे कठीण असते.

असद बेगने नुसती तंबाखू नेली नाही. बादशहाला नवी वस्तू दाखवायची तर तिचा थाटही बादशाही हवा, हे त्याला कळत होते. त्याने एक रत्नजडित गुडगुडी सिद्ध करविली. तिची नळी सुमात्रा बेटावरील अचिनची, तीन हात लांब, वाळवून रंगविलेली आणि दोन्ही टोकांना जडावकाम केलेली. तोंडात धरावयाचे टोक यमनी अकीकाचे. विस्तव ठेवण्यासाठी सोन्याचे पात्र. आदिलशहाने त्याला अत्यंत सुबक कारागिरीची पानाची पिशवी भेट दिली होती. तीत त्याने उत्तम तंबाखू भरली, अशी की एक पान पेटविले तर सगळी पेटत जावी. हे सर्व रुप्याच्या तबकात मांडून त्याने आग्र्याच्या दरबारात इतर नजराण्यांसह ठेवले. त्याचे बोलणे आम्ही इलियट आणि डाउसन यांच्या इंग्रजी संग्रहाच्या १८७५ साली निघालेल्या सहाव्या खंडावरून आमच्या शब्दांत सांगत आहोत.

नजराणा पाहताना बादशहाची दृष्टी त्या तबकावर स्थिरावली. हे काय, असे त्याने विचारले. खान-ए-आझम मिर्झा अझीझ कोका शेजारीच होता. त्याने सांगितले, की ही तंबाखू. मक्का-मदिनेत सर्वांना ठाऊक आहे, आणि हुजुरांसाठी औषध म्हणून आणली आहे. अकबराने ती भरून आणावयास सांगितले. तो ओढू लागताच राजवैद्य पुढे सरसावला आणि नको म्हणाला. पण आणणाऱ्याचे मन राखण्यासाठी थोडी घेतली पाहिजे, असे म्हणून अकबराने नळी ओठांस लावली आणि दोन-तीन झुरके घेतले. वैद्य अस्वस्थ झाला. त्याने पुढे ओढू दिले नाही. मग बादशहाने नळी खान-ए-आझमकडे दिली. त्यानेही दोन-तीन झुरके घेतले.

औषधालयाच्या प्रमुखाला पाचारण झाले. ह्या वस्तूचा गुण काय? त्याने प्रामाणिकपणे सांगितले, की आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही. ही नवी आहे. फिरंगी वैद्यांनी मात्र हिची पुष्कळ स्तुती केली आहे. हे खरेच होते. सेव्हिल नगरीचे प्रख्यात वैद्य निकोलास मोनार्देस यांनी १५७१ मध्ये तंबाखूवर विस्ताराने लिहून वीसहून अधिक व्याधींवर ती गुणकारी ठरविली होती. १५६० च्या सुमारास लिस्बन येथील फ्रेंच वकील जाँ निको याने तिची रोपे व बिया आपल्या दरबाराकडे औषध म्हणूनच पाठविल्या; ‘निकोटीन’ हे नाव त्याच्यावरून पडले. आग्र्याचा औषधवाला सेव्हिलच्या विद्वत्तेचा हवाला देत होता, ही गोष्ट वाचताना आम्हांस मौज वाटली.

येथून पुढे जो वाद झाला तो ह्या प्रसंगाचा गाभा होय. राजवैद्याचे म्हणणे असे: हे न पारखलेले औषध आहे, आमच्या शहाण्यांनी हिच्याविषयी काही लिहिलेले नाही, तेव्हा ज्याचे गुणधर्म आम्हांस ठाऊक नाहीत ते हुजुरांनी घेऊ नये. असद बेगचे म्हणणे असे: फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत; त्यांच्यातही ज्ञाते आहेत; आणि स्वतः पारखून पाहिल्यावाचून तुम्ही एखादी वस्तू वाईट कशी ठरविता? वैद्य म्हणाला, आम्हांला फिरंग्यांचे अनुकरण करायचे नाही. त्यावर असद बेगने सांगितले, की जगातील प्रत्येक रीत आदमच्या काळापासून कधी ना कधी नवीच होती. चोपचिनीसारखे मूळही एके काळी नवे होते, आज सारे वापरतात. हा युक्तिवाद ऐकून अकबर प्रसन्न झाला. इतर देशांच्या शहाण्यांनी स्वीकारलेली गोष्ट केवळ आपल्या पोथीत नाही म्हणून टाकून देणे बरोबर नव्हे, तसे केले तर आपली प्रगती व्हायची कशी, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले. वैद्य आणखी काही बोलणार, तोच बादशहाने त्यास थांबविले आणि पाद्रीला बोलावणे पाठविले.

वाचकहो, आमचे मन अडखळते ते ह्या ठिकाणी. पाद्री आला आणि त्याने तंबाखूचे अनेक गुण सांगितले.

असद बेग त्या धर्मगुरूचे नाव देत नाही. पण त्या वर्षांत आग्र्यास कोण होते हे आपणांस ठाऊक आहे. येशूसंघाचे फादर जेरोम झेवियर, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बहिणीचे नातू, १५९५ पासून मोगल दरबारात होते. फारसी शिकून त्यांनी प्रभू येशूचे चरित्र त्या भाषेत सिद्ध केले आणि १६०२ मध्ये अकबरास अर्पण केले. फिरंगी वस्तूविषयी फिरंगी धर्मगुरूचे मत घ्यायचे, तर बादशहाचे बोलावणे त्यांच्याकडे किंवा त्यांच्या एखाद्या सहकाऱ्याकडे गेले असणार, असा आमचा तर्क आहे. जो कोणी असेल त्याने खोटे सांगितले असे आम्ही म्हणत नाही. त्या काळच्या युरोपातील वैद्यकग्रंथ जे सांगत होते, तेच त्याने सांगितले. सुशिक्षित माणसाने आपल्या काळच्या ज्ञानाचा आधार घ्यावा हे योग्यच. परंतु त्याला विचारले होते ते धर्मगुरू म्हणून नव्हे, तर त्या परक्या ज्ञानाचा जामीनदार म्हणून; आणि त्याने जामीन दिला. आमच्या पेशाच्या माणसाला असे प्रश्न आजही विचारले जातात. अमुक औषध घ्यावे का, तमुक योजनेत पैसे गुंतवावे का, मुलाला कोणत्या शाखेला घालावे. विचारणाऱ्याचा विश्वास झग्यावर असतो. आपली माहिती त्या विश्वासाइतकी खोल असतेच असे नाही.

ह्याच फादर झेवियर यांची खानदेशातील एक कथा ह्याच्या बरोबर उलट आहे. १६०० मध्ये असीरगडाला वेढा पडला असताना ते अकबराच्या स्वारीबरोबर बुऱ्हाणपुरी होते. किल्ला तोफांवाचून पडेना. तेव्हा चौल येथील पोर्तुगीजांना तोफा आणि दारूगोळा पाठविण्याविषयी तुम्ही पत्र लिहा, अशी बादशहाने त्यांना आज्ञा केली. येशूसंघीयांच्या पत्रांवरून द्यू जार्रिक यांनी लिहिलेल्या वृत्तांतानुसार फादर झेवियर यांनी नकार दिला. हे काम आमच्या धर्मास धरून नाही, असे त्यांनी सांगितले. खानदेशच्या सुलतानाशी पोर्तुगीजांचा सलोखा होता, म्हणून नकारामागे राजकारणही असावे, असे इतिहासकार म्हणतात, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. अकबर संतापला, त्याने त्यांना समोरून जाण्यास फर्माविले. पुढे राग निवळला. तोफेचा धोका डोळ्यांना दिसतो, म्हणून तिच्याबाबत नाही म्हणता येते. सोन्याच्या पात्रातून निघणाऱ्या सुवासिक धुराचा धोका कोणाच्या डोळ्यांना दिसणार होता?

ह्या वादात बरोबर कोण होते? शाळेच्या पुस्तकांतून वाढलेले आपले मन चटकन अकबराच्या बाजूला झुकते. त्याचे उद्गार उदार आहेत. आम्हांलाही ते प्रिय आहेत. पोथीत नाही म्हणून नाकारणे ही बुद्धीची आत्महत्या आहे, हे आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना घोकलेले आहे. राजवैद्याचा फिरंगीद्वेष कोणास आवडणार? पण त्याच्या बोलण्यातील दुसरा अर्धा भाग नीट ऐकावा. तो म्हणत होता की ही वस्तू पारखलेली नाही. आणि असद बेग म्हणत होता की घ्या, ओढा, पारखा. दोघेही ‘पारख’ हाच शब्द वापरीत होते, पण एकाला हवी होती ती वर्षांची पारख आणि दुसऱ्याला पुरेशी वाटत होती ती दोन झुरक्यांची. झुरक्याने चव कळते, सुवास कळतो, डोके किंचित हलके झालेले कळते. तिसाव्या वर्षी गालात उठणारी गाठ कळत नाही. ती समजण्याचे साधन, म्हणजे हजारो माणसांचे वर्षानुवर्षे ठेवलेले टिपण, १६०५ मध्ये ना आग्र्यास होते ना सेव्हिलला.

असद बेगच्या प्रामाणिकपणाचे मात्र कौतुक केले पाहिजे. वैद्याचे मन कोणासही वळविता आले नाही, पण तो वैद्य मोठा चांगला होता, असे तो वाद जिंकल्यावरही लिहून ठेवतो. पुढची हकीकत तो चार ओळींत आटोपतो. त्याने तंबाखू आणि नळ्या पुष्कळ आणल्या होत्या; काही अमिरांना त्याने पाठविल्या, काहींनी मागून नेल्या, पाहता पाहता सर्वांनाच ती हवीशी झाली; मग व्यापारी विकू लागले. बादशहाने स्वतः मात्र ती सवय लावून घेतली नाही. १६०५ च्या ऑक्टोबरात तो वारला.

विलक्षण योगायोग असा, की इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूचा निषेध करणारी आपली पुस्तिका प्रसिद्ध केली ती १६०४ मध्येच. तिचाही परिणाम शून्य. सर टॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी १६१६ ते १६१९ ह्या काळात हिंदुस्थानात होता. लोक तंबाखू विपुल पेरतात असे त्याने नमूद केले आहे. आणि मातीचे लहान भांडे, त्यात पाणी, वर तंबाखू व निखारा, बाजूच्या तोटीला वेताची नळी, असे गरिबाच्या गुडगुडीचे वर्णनही दिले आहे. म्हणजे दरबारातील सोन्याच्या पात्राची जागा कुंभाराच्या मडक्याने घ्यायला पंधरा वर्षेही लागली नाहीत. तुकोबांच्या गाथेतही तंबाखूच्या धुराचा धिक्कार करणारा अभंग आढळतो. जहांगीरने १६१७ मध्ये बंदीचे फर्मान काढले. तंबाखूने बहुतेकांच्या प्रकृतीस अपाय होतो, असे त्याने कारण दिले. हे लिहिणारा बादशहा त्याच आत्मचरित्रात आपण दिवसाला वीस प्याले दारू पीत होतो हेही सांगतो. फर्मानाला कोणी भीक घातली नाही.

आपल्या धर्मसभेची वाटचालही ह्याहून फार वेगळी नाही, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. १५८३ मध्ये लिमा येथील धर्मपरिषदेने मिस्सापूर्वी धर्मगुरूंनी तंबाखू घेऊ नये असा नियम केला. १६४२ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी सेव्हिल धर्मप्रांतातील चर्चमध्ये तंबाखू घेणाऱ्यांना धर्मबहिष्काराची ताकीद दिली, कारण वेदीवरील शुभ्र वस्त्रांवर तपकिरीचे डाग पडू लागले होते! ज्या नगरीतील वैद्याने तिला सर्वरोगहारक ठरविले, त्याच नगरीतून ही तक्रार रोमला पोहोचली. १७२५ मध्ये पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी हे निर्बंध सैल केले. ते स्वतः तपकीर ओढीत. पुढे पोप नववे पायस यांच्या कारकिर्दीत, १८६३ मध्ये, रोम शहरात पोपसत्तेचा तंबाखूचा भव्य कारखाना उभा राहिला. बंदी होती ती पावित्र्यासाठी आणि शिस्तीसाठी. प्रकृतीचा विचार त्यात नव्हता.

खानदेशच्या गावांत ही परकी पाहुणी घरचीच होऊन गेली. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये इथल्या पिकांत तिची नोंद आहे. खत भरपूर लागते म्हणून गावालगतची किंवा नदीकाठच्या मळईची जमीन तिला मानवते. पावसाळ्यात रोप तयार करून लावायचे, शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, हिवाळ्यात पाने उतरवून सुकवायची, असा तिचा क्रम. ओढण्याची साधनेही गावापुरती साधी झाली. मातीची चिलीम, आत एक खडा, त्यावर मळलेली तंबाखू, वर विस्तव आणि खालच्या टोकाला ओली छापी. हुक्क्यासाठी तंबाखू कुटून तिच्यात गूळ किंवा काकवी मिसळीत; हौशी माणसे त्यात सुगंधी द्रव्येही घालीत. हेच देशी मिश्रण. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे, आणि नव्या मिश्रणाचे पहिले झुरके पाहुण्याला देण्याची रीत. मात्र पाहुणा जातीतला हवा! चिलीम कोणाबरोबर ओढायची ह्याचे नियम पाणी पिण्याच्या नियमांइतकेच कडक होते. वाळीत टाकलेल्या माणसाला चिलमीच्या कोंडाळ्यात जागा नसे. समुद्र ओलांडून फिरंग्यांच्या हातून आलेली वस्तू तीनशे वर्षांत सोवळे-ओवळे पाळू लागली, ह्याला काय म्हणावे?

युरोपीय मंडळींचा पाइप हे ह्याच नळीचे आखूड भावंड. आम्ही सेमिनरीत असताना पाइप ओढणारे एक-दोन वयोवृद्ध परदेशी प्राध्यापक अद्याप होते. मायदेशाहून कोणी नव्या मिश्रणाचा डबा पाठविला, की रात्रीच्या जेवणानंतर व्हरांड्यात त्याची परीक्षा चाले. व्हर्जिनिया जातीची गोडसर पाने किती, सुवास शोषून घेणारी बर्ली किती, लाकडाच्या धुरावर धुरावलेली काळी लताकिया किती, ह्यावर धर्मशास्त्रातील मुद्द्यांइतकी गंभीर चर्चा होई. भांड्यात तंबाखू तीन थरांत भरावी, खालचा थर सैल आणि वरचा दाबून, हे आम्ही तेथेच ऐकले. त्या धुराला मधाचा, सुक्या अंजिराचा वास येत असे, आणि पाइप ओढणारा धर्मगुरू म्हणजे विद्वान धर्मगुरू अशी आम्हां विद्यार्थ्यांची समजूत होती. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये येशूसंघाच्या महासभेसमोर बोलताना तंबाखूचा त्याग करण्याचा उपदेश केला होता, हे आम्हांला फार उशिरा वाचावयास मिळाले.

अमळनेरात हा इतिहास आणखी एका वळणाने गेला. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या कापडगिरणीने हे गाव कामगारांचे झाले. गिरणीत सगळीकडे कापूस आणि सूत; एक ठिणगी पडली तर होळी. म्हणून कापडगिरण्यांतून विडी-चिलमीला मज्जाव असे. पण आठ तासांच्या पाळीत तरतरी तर हवी. मग तंबाखू तळहातावर आली, चुन्याबरोबर मळली गेली आणि ओठाआड जाऊन बसली. धूर नाही, विस्तव नाही, हात मोकळे. शेतमजुराला, हमालाला, एसटीच्या चालकाला तीच सोयीची पडली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये धूम्रपान करणारे शंभरात चारांच्या आतच आढळले, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे चोवीसच्या आसपास. असद बेगची नळी ह्या प्रांतात जवळजवळ विझली आहे; त्याने ती पाने ज्या पिशवीत भरली होती, ती पिशवी मात्र घरोघर आहे.

नव्या वस्तूची पारख किती वेळ चालते ह्याचे दुसरे उदाहरण ह्याच गावाच्या हद्दीत आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. तीच पुढे विप्रो म्हणून जगास ठाऊक झाली. तिचे पहिले उत्पादन वनस्पती तूप. त्या काळी देशभर वाद होता: गांधीजींसह अनेकांचा वनस्पतीला विरोध, तर आधुनिक आहारशास्त्र तिला निर्दोष मानणारे. दोन्ही बाजूंची माणसे सद्हेतूची होती. अशा कठीण केलेल्या तेलांतील ट्रान्स मेद हृदयास घातक आहेत, हे १९९० नंतरच्या संशोधनाने पुढे आले आणि आपल्या देशात त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम जानेवारी २०२२ पासून लागू झाला. पुरणपोळीवरच्या एका चमच्याने हे कोणास कळले असते?

तंबाखूची पारख करणारी टिपणेही अखेरीस कोणीतरी ठेवली. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रुग्णांच्या सवयी आणि त्यांच्या कर्करोगाची जागा यांची सांगड घालून पाहिली. चुना-तंबाखूची गोळी ओठाआड जेथे ठेवतात तेथेच व्रण उठतो, हे १९४० च्या दशकात त्यांनी जगापुढे मांडले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे डॉल व हिल यांचे प्रसिद्ध संशोधन त्यानंतरचे, १९५० चे. आग्र्याच्या त्या अनामिक राजवैद्याला त्याचे उत्तर साडेतीनशे वर्षांनी मिळाले, आणि त्यातले काही एका मराठी वैद्याच्या हातून मिळाले, ह्याचा आम्हांला अभिमान वाटतो.

तरीही गुडगुडी परत आलीच. ह्या शतकाच्या सुरुवातीस शहरांतून हुक्का पार्लर निघाले. सफरचंद, पुदिना, गुलाब अशा स्वादांची नवनवी मिश्रणे; धूर पाण्यातून येतो म्हणून निरुपद्रवी, असा तरुणांचा समज. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगितले होते, की हुक्क्याच्या एका बैठकीत शंभर किंवा अधिक सिगारेटींइतका धूर छातीत जाऊ शकतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये ही पार्लरे कायद्याने बंद केली. त्याच वर्षापासून व्हॅटिकनमध्ये सिगारेट विकणे बंद झाले. पोप फ्रान्सिस यांनी तो निर्णय २०१७ मध्ये घेतला होता. विक्रीतून येणारे उत्पन्न मोठे होते, पण लोकांच्या जिवावर बेतणाऱ्या वस्तूतून नफा नको, असे कारण त्यांनी दिले. १८६३ च्या कारखान्यापासून येथवर यायला दीडशे वर्षे लागली.

आमच्या मृत्यूच्या नोंदवहीत कारणाचा एक रकाना असतो. खानदेशात काम करताना तो भरण्यासाठी आम्ही कुटुंबीयांना विचारतो, तेव्हा कितीतरी वेळा ते बोलत नाहीत. नुसते आपल्या गालाला बोट लावून दाखवितात. त्या माणसांपैकी अनेकांच्या हातात पहिली चिमूट कोणी तरी प्रेमानेच ठेवलेली असते: दातदुखीवर उपाय म्हणून, कामावर झोप येऊ नये म्हणून. औषध म्हणूनच.

फादर जेरोम झेवियर पुढे वीसेक वर्षांच्या दरबारी वास्तव्यानंतर गोव्यास परतले आणि १६१७ मध्ये, जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली त्याच वर्षी, तेथे निवर्तले.